धुकं, माकडं आणि आईचा नंबर

आधी माफी मागतो. या अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून आलेली असतात. मी अजून कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या कामाला काम म्हणावं की नाही, हे आमच्या घरातही ठरलेलं नाही. वडील म्हणतात, "पोरगं मोबाइलवर असतं." संपादकांनी आग्रह केला म्हणून लिहायला बसलो. चुकलं तर मोठ्या मनाने घ्या.

आमची वाडी मावळात एका गडाच्या पायथ्याशी आहे. नाव लिहीत नाही, कारण आईने तशी ताकीद दिली आहे. मळवली स्टेशनला उतरून पायी आलात तर वाटेत लागेल एवढं सांगतो. सात घरं आहेत. भातशेती सगळ्यांची, आणि शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्या लोकांना जेवण देणं हाही सगळ्यांचाच धंदा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, ताक, आणि मागितला तर इंद्रायणीचा भात. माझे वडील मळवलीला एका बंगल्याची देखभाल करतात. बंगल्याचे मालक शनिवारीच येतात, त्यामुळे वडील शनिवार-रविवार घरी नसतात. चूल एकट्या आईची. माझं शिक्षण त्या चुलीवर चाललं आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

वाडीत एक नियम आहे, तो आधी सांगायला हवा. जेवणारी माणसं आली की ज्याच्या दारात गेली तो जेवू घालणार, असं आमच्याकडे चालत नाही. वाडीच्या तोंडाशी पाण्याची टाकी आहे. तिथे वाडीतले वडीलधारे बबनआबा बसतात. पहिला गट आला की आबा एका घराचं नाव घेतात, दुसरा आला की त्याच्या पुढच्या घराचं. याला आम्ही नंबर म्हणतो. हे सगळं आबांच्या डोक्यात असतं. आणि घराचं नाव म्हणजे बापयाचं नाही, बाईचं. आबा म्हणतात, "चूल जिची, नाव तिचं." म्हणून आमचं घर म्हणजे सुनंदा, शेजारचं घर म्हणजे हौसा. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकावरून वाडीत भांडण झालं नव्हतं. ते मी करून दाखवलं.

पहिल्या वर्षाला असताना कॉलेजच्या संगणक कक्षात मला एक नाद लागला. नेटवर जे जे फुकट आहे ते वापरून बघायचं. कुठे फुकट वेबपान करून मिळायचं, कुठे फुकट फॉर्म, कुठे लांबलचक लिंक छोटी करून मिळायची. संगणक शिकवणाऱ्या कुलकर्णी मॅडम मला म्हणायच्या, "ओंकार, तू बाजारात जाऊन फक्त चव बघणारा माणूस आहेस." ते खरंच होतं. त्यातच मला चार-दोन ओळी लिहायच्या साइट सापडल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाळेच्या दारात फळा असतो, त्यावर रोज खडूने थोडकं लिहितात आणि येणारा-जाणारा वाचतो. ही साइट म्हणजे तसाच फळा, फक्त रस्ता सगळ्या जगाचा.

मी अशा चार साइट वापरून पाहिल्या. पहिलीवर सगळे एकमेकांशी भांडत होते. माझ्यासारख्याला तिथे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. दुसरी आमच्या वाड्यांसारखी होती, प्रत्येक वस्ती वेगळी, प्रत्येकीचा कारभारी वेगळा. तिथले लोक चांगले होते, पण गडावर येणारं कोणीच नव्हतं. तिसरी साइट मला फार आवडली. मी तिच्यावर दोन महिने मन लावून लिहिलं आणि एके दिवशी तिने नमस्कार करून दुकान बंद केलं. माझं लिहिलेलंही तिच्याबरोबर गेलं. चौथीवर मी टिकलो.

सुरुवातीला मी छापील भाषेत लिहायचो. 'निसर्गाच्या कुशीत वसलेला आमचा गड आपली वाट पाहत आहे.' कोणी वाचलं नाही. एका शनिवारी माकडांनी एका बाईची पर्स पळवली, तेव्हा मी वैतागून लिहिलं, 'आज माकडं जोरात आहेत. चिप्सची पाकिटं हातात दिसली तर तुमची नाहीत असं समजा.' संध्याकाळपर्यंत ते इतक्या लोकांनी पुढे पाठवलं की माझा फोन गरम झाला. त्या दिवशी मला या कामाची गुरुकिल्ली मिळाली. सुंदर आहे असं लिहायचं नाही. जे दिसतं ते लिहायचं.

मग रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी टाकीजवळ उभं राहून गडाकडे बघायचं आणि घराकडे येऊन लिहायचं. 'धुकं. टाकीपासून दरवाजा दिसत नाही. पायऱ्या निसरड्या. चपला घालून येऊ नका.' लोक विचारायला लागले. एकाने विचारलं, गड किती वाजता उघडतो. मी लिहिलं, तीनशे वर्षांपूर्वी उघडला, अजून बंद केलेला नाही. हे तेवढंसं खरं नाही, इतिहासाच्या सरांनी मला नंतर बोलावून घेतलं. एका काकांनी वर लिफ्ट आहे का विचारलं. मी लिहिलं, लिफ्ट नाही, पण मधे लिंबू-सरबत आहे. ते खरोखर आले आणि सरबतापर्यंत चढून समाधानाने परत गेले. एकजण मात्र रोज वाचायचा, रोज एक शब्द लिहायचा आणि कधीच यायचा नाही. बऱ्याच दिवसांनी त्याने सांगितलं की तो कामशेतकडचा आहे, आखातात क्रेन चालवतो. 'इकडे नुसतं ऊन. तुमचं धुकं वाचून चहा पितो.' त्यानंतर मी एकही सकाळ चुकवली नाही. परीक्षेच्या दिवशीसुद्धा.

आता चूक सांगतो.

लोक जेवणाचं विचारू लागले, म्हणून मी एका फुकटच्या सेवेवर फॉर्म केला. नाव, किती माणसं, किती वाजता. खाली नकाशावर जागा दाखवायची सोय होती. मनात वाडी सगळ्यांची होती, फॉर्मवरही वाडीचंच नाव होतं. पण आमच्या वाडीत मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी नीट येते, आमच्या घरामागच्या भिंतीपाशी. तिथे जातं ठेवलं आहे, त्यावर बसूनच मी सगळं करतो. 'तुम्ही आहात ती जागा द्यायची का?' असं फोनने विचारलं आणि मी होय म्हटलं. पुढे काय होईल हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही.

रविवारी लोक नकाशा बघत आले. नकाशा त्यांना टाकीजवळून आणत नव्हता, खालच्या खाचरांच्या बांधावरून थेट आमच्या मागच्या दारी आणत होता. आबा टाकीजवळ बसून राहिले आणि आमच्या घरामागे चपलांचा ढीग लागला. आई भांबावली. दारात आलेल्या भुकेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? तिने भाकऱ्या टाकल्या. माझ्या डोक्यात हवा गेली होती. मी गर्दीचे फोटो काढून साइटवर टाकले. असे तीन रविवार गेले.

त्या तिसऱ्या रविवारी पहिला नंबर हौसामावशींचा होता. त्यांनी पहाटेपासून तयारी करून ठेवली होती आणि त्यांच्या दारात एक माणूस आला नाही. संध्याकाळी मी त्यांच्या गोठ्यावरून जात होतो, तेव्हा त्या गुरांपुढे भाकऱ्या टाकत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खा गं बाई, शिकल्याली माणसं हैत आपल्या शेजारी. त्यांच्या किरपेनं तुला आज पिठलंभाकर." त्या गायीशी बोलत होत्या. एवढं लागलेलं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मी घरी येऊन जागा बदलली, नकाशावरची खूण टाकीवर नेली. त्या साइटवर माफीही लिहिली. पुष्कळ लोकांनी ती वाचली, मन मोठं आहे वगैरे लिहिलं. पण ज्यांची माफी मागायची होती त्यातलं कोणीही ती साइट बघत नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला आठवडा गेला.

पुढच्या रविवारी आबांनी टाकीजवळ एकेक नाव घेतलं. हौसाच्या नंतर सुनंदा येते. आबा हौसा म्हणाले, मग थांबले आणि सुनंदा सोडून त्याच्या पुढचं नाव घेतलं. आरडाओरडा नाही, बैठक नाही. आमच्याकडे घर नंबरातून जातं ते असं. आई दारात उभी होती. तिने भिजवलेल्या पिठावर ताट झाकलं आणि आत गेली.   आई तेव्हापासून शनिवार-रविवारी दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची, आणि टाकीकडून न जाता बांधावरून जायची.

दोन आठवडे मी आबांना तोंड दाखवलं नाही. मग एका शनिवारी कॉलेजातून येऊन सरळ टाकीवर गेलो. आबा तंबाखू मळत होते. मी म्हटलं, चूक माझी आहे, आईचा काही दोष नाही. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्ये तुझं पान का काय, मला दाव."

मी फोन दाखवला. रेंज नव्हती म्हणून आम्ही दोघं आमच्या घरामागे जात्यापाशी गेलो. फॉर्मवर उद्याच्या नोंदी होत्या. आबांनी डोळे बारीक करून पाहिल्या.

"उद्या किती माणूस येनार, ह्ये तुला आज कळतं?"

"व्हय आबा."

"मंग इतके दिस टाकीवर बसून मी काय येड्यागत वाट बघत हुतो?"

आबा हसले नाहीत, पण त्यांचं डोकं चालू झालं होतं. जेवण वाया जाऊ नये ही त्यांची जन्मभराची काळजी. आदल्या दिवशी आकडा कळला तर तेवढंच पीठ भिजेल. त्यांनी तिथेच ठरवलं. मी दर शनिवारी दुपारी नोंदी कागदावर उतरवून त्यांना आणून द्यायच्या. कोणता गट कोणाच्या घरी, हे ते ठरवणार आणि ते सांगतील तसं मी घरोघरच्या चिठ्ठीत लिहायचं. मी फक्त 'उद्याची जेवणं भरली' एवढं लिहायचं. घराचं नाव माझ्या फोनवर कुठेही येता कामा नये. मी मान हलवली. जाताना धीर करून विचारलं, "आणि आईचं?"

"ते बगू," आबा म्हणाले.

त्यानंतर जे झालं त्याचा मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. वाडीत रविवारचं जेवण वाया जाणं थांबलं. एकादशी असली की किती जणांना साबुदाणा लागेल हे आधी कळायचं. लसूण न खाणाऱ्यांचा गट आला तर त्यांचं पिठलं वेगळं निघायचं. आसपासच्या वाड्यांतली मुलं मला विचारायला यायची आणि मी त्यांना पहिली गोष्ट सांगायचो, नकाशावरची खूण घरी बसून लावू नका. हौसामावशी मात्र माझ्या हातून चिठ्ठी घ्यायच्या नाहीत. आबांकडून घ्यायच्या. आणि दर शनिवारी मी सहा घरांची चिठ्ठी लिहायचो. सातवं घर आमचं. असे सहा महिने गेले.

मग दुसरा घोळ झाला, आणि तोही फुकटचाच. त्या फॉर्मवाल्या सेवेने फुकट नोंदींना मर्यादा घातली. तेवढ्या भरल्या की पुढच्या नोंदी घेतल्या जायच्या, लोकांना 'धन्यवाद' दिसायचं, पण मला मात्र त्या दिसायच्या नाहीत. आत कुलूप. त्याची सूचना मला मेलने आली होती, मी तो मेल उघडत नव्हतो. फुकटच्या सेवेला शिवी देता येत नाही, ही या कामातली मोठी अडचण आहे.

फुलांचे दिवस होते, गडावर सोनकी फुलली होती. त्या रविवारी टाकीजवळ एक सर पस्तीस मुलं घेऊन उभे राहिले आणि फोनवरचं 'धन्यवाद' दाखवू लागले. चिठ्ठीत ते नव्हते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मुलं पहाटे निघालेली, चेहरे उतरलेले. सहाही घरांत आधीच माणसं जेवत होती. पुढचा नंबर हौसामावशींचा होता. त्यांच्याकडे पीठ होतं, हात दोनच होते.

हौसामावशी टाकीवरून तडक आमच्या दारी आल्या. आई त्या दिवशी मजुरीला गेली नव्हती. सहा महिन्यांनी मावशी तिच्याशी बोलल्या.

"सुनंदे, चूल पेटव."

आई म्हणाली, "माझा लंबर न्हाई, आक्का. आबांनी नाव घेतलं न्हाई."

"पस्तीस पोरं हैत, सुनंदे."

"व्हय. पर लंबर न्हाई."

मी मागे उभा होतो. आई हट्टाने बोलत नव्हती. जो नियम माझ्यामुळे मोडला होता तो ती परत मोडणार नव्हती, एवढंच.  मावशींनी तिचं मनगट धरलं.

"मंग माझ्या चुलीवर चल. तितं तर लंबर माझाच हाय. का तितं बी आबाला इचारायचं?"

आई गेली. मावशींच्या चुलीपुढे दोघी समोरासमोर बसल्या. आई थापत होती, मावशी भाजत होत्या. आईची भाकरी पातळ असते आणि तव्यावर टाकताना तिची कड फाटत नाही. मी पाणी वाढत होतो, ताटं उचलत होतो. पस्तीस मुलं तीन पंगतींत जेवली आणि चौथ्यांदा ठेचा मागू लागली. मावशी आईला म्हणाल्या, "तुझ्या पोराचं ह्ये यंत्र बिघाडलं की बरं असतंय गं. बोलाय तरी गावतं." आई खूप दिवसांनी हसली. मधेच आबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी चुलीकडे पाहिलं आणि परत गेले.

मी फॉर्म बदलला. आता दोन वेगवेगळ्या सेवांवर नोंद होते आणि मी मेल रोज उघडतो. आबांनी आणखी एक गोष्ट मागितली. लोक टाकीजवळ येऊन 'आमचं घर कुठलं?' विचारून त्यांचं डोकं खायचे. मी त्यांना प्राथमिक शाळेतला टाकून दिलेला फळा आणून दिला. आबा रविवारी सकाळी त्यावर खडूने नंबर लिहू लागले. आबांचं अक्षर मोठं आणि उजवीकडे झुकलेलं आहे. मी रोज त्याच टाकीपाशी उभं राहून धुकं बघायचो आणि रविवारी फळाही बघायचो. दिवाळीपर्यंत त्यावर सहाच नावं होती. मी आबांना काही विचारलं नाही. आईनेही विचारलं नाही.

दिवाळीनंतर मॅडमनी मला तळेगावला एका शिबिरात बोलायला सांगितलं. पाच-सहा कॉलेजांची मुलं येणार होती. विषय होता, फुकटच्या साधनांतून गावाचं काम. रविवार होता म्हणून मी नको म्हणालो. एकही रविवार मी वाडीबाहेर काढला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "तू नसशील तर वाडी उपाशी राहणार आहे का?" आईनेही जा म्हटलं. चिठ्ठी शनिवारी दुपारीच आबांना दिली होती, सहाच घरांची. पहाटेच निघालो, त्यामुळे फळा पाहायला मिळाला नाही.

सभागृह भरलेलं होतं. मी माइकसमोर इतका हळू बोलत होतो की मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज." मी माकडांची गोष्ट सांगितली, लोक हसले, मग जरा मोकळा झालो. नकाशावरच्या खुणेची चूकही सांगितली. हौसामावशींची गाय सांगितली, तेव्हा कोणी हसलं नाही. शेवटी वाटलं, नुसतं बोलण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावं. मागच्या मोठ्या पडद्यावर मी ती साइट उघडली आणि गडाच्या नावाने आज कोणी काय लिहिलंय ते समोर आणलं.

सगळ्यात वर एक फोटो होता. पाच मिनिटांपूर्वीचा. मुंबईच्या कोणा अनोळखी मुलीने वर गडावर रेंज मिळाल्यावर टाकलेला असावा. फोटो खरं तर आमच्या वाडीतल्या काळ्या कुत्र्याचा होता. तो टाकीच्या सावलीत चारही पाय पसरून झोपला होता. खाली लिहिलं होतं, 'गडाचा पहारेकरी, ड्यूटीवर.' सगळं सभागृह हसलं.

मी हसलो नाही. कुत्र्याच्या मागे फळा होता. अर्धाच आला होता, वरचा भाग. पण पडदा मोठा होता आणि अक्षर माझ्या ओळखीचं, मोठं, उजवीकडे झुकलेलं. पहिल्या ओळीत हौसा होती. तिच्याखाली दुसऱ्या ओळीत एक नाव होतं आणि ते मी शनिवारच्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं.

 मी खिशातून फोन काढला, आईला लावला. लागला नाही. लागणारच नव्हता. रेंज घराच्या मागे आहे आणि चूल घराच्या पुढे.

पहिल्या रांगेतून मॅडमनी विचारलं, "ओंकार, काय झालं? बंद पडलं का?"

"नाही मॅडम," मी म्हटलं, आणि या वेळी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आज आमचा नंबर आहे."